भात्यावाचून पेटी

मार्च २०२० मध्ये महामारीच्या भयाने मुंबईतील देवळांची दारे बंद झाली, तेव्हा माझगावातील आमच्या नात्यातल्या एका घरी निराळीच पंचाईत उभी राहिली. त्या घरची तेरा वर्षांची मुलगी धर्मग्रामाच्या गायनवृंदाला पेटीची साथ करते. पेटी देवळात, देवळाला कुलूप आणि पवित्र सप्ताह तोंडावर आलेला. मिस्सा पडद्यावर पाहता येत होती; परंतु घरच्या घरी क्रूसाची वाट करताना गायने सुरांवाचून कशी म्हणावयाची? मुलीने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी वडिलांना कचेरीतून मिळालेला लॅपटॉप पुढे ओढून त्याच्या अक्षरांच्या कळांवर ती चक्क पेटी वाजवू लागली.

आम्ही हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला तो त्याच वर्षीच्या नाताळात. कळ दाबली की अक्षर उमटण्याऐवजी पेटीचा सूर निघे आणि बोट उचलले की तो थांबे. घरातील मंडळी कौतुकाने पाहत होती. आरामखुर्चीत बसलेल्या आजी मात्र गप्प होत्या. या आजी तरुणपणी बॅलार्ड इस्टेटमधील एका जहाज कंपनीत टायपिस्ट होत्या, आणि रविवारी देवळाच्या सज्जात बसून पायपेटी वाजवीत असत. गायन संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "सगळं खरं गं बाय, पण हिला भाता कुठाय?"

आजींच्या या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला. उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच मागे गेलो, आणि लिहिण्याची कळ व वाजविण्याची पट्टी या एकाच घराण्यातल्या निघाल्या.

बोटांनी पट्टी दाबावी आणि वारा भलतीकडून येऊन सूर निघावा, ही कल्पना इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील. अलेक्झांड्रिया नगरीतील क्टेसिबियस नावाच्या कारागिराने पाण्याच्या दाबाने वाऱ्याचा जोर स्थिर ठेवणारे नळ्यांचे वाद्य बनविले. रोमन साम्राज्यात त्याचा मान मोठा होता. पण तो देवघरात नव्हे, तर आखाड्यांत, जत्रांत आणि मेजवान्यांत. ज्या रोममध्ये आपल्या पूर्वसूरींना श्वापदांपुढे टाकीत, तेथील आखाड्यांतल्या खेळांना या वाद्याची साथ असे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींना त्याचा तिटकारा वाटला असेल तर नवल नाही. संत सिसिलियेच्या कथेतही वाद्ये वाजतात ती तिच्या मनाविरुद्ध ठरलेल्या विवाहसमारंभात, आणि ती मात्र अंतःकरणात देवाचे गाणे गात असते. पुढे चित्रकारांनी तेच वाद्य तिच्या हाती दिले आणि ती संगीताची आश्रयदाती संत झाली. कालाचा विनोद म्हणतात तो असा.

इसवी सन ७५७ मध्ये बायझंटाईन सम्राट कॉन्स्टंटाईन पाचवा याने फ्रँक राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठविल्याची नोंद आहे. त्यानंतरच्या काही शतकांत पश्चिम युरोपातील मठांत आणि महामंदिरांत ऑर्गन स्थिरावला. वाद्य म्हणून त्याचा एक स्वभाव येथे सांगून ठेवला पाहिजे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोराने दाबा, सूर तेवढाच निघतो. पट्टी म्हणजे नळीत वारा सोडणारे दार. ते एकतर उघडे, नाहीतर बंद. वादकाचे कौशल्य दार केव्हा उघडावे आणि त्याहूनही अधिक केव्हा लावावे, यात असते. बोटाच्या जोरावर लहानमोठा आवाज काढण्याची सोय पियानोने आणली, आणि तीही अठराव्या शतकाच्या आरंभी.

आता लेखनयंत्राकडे वळू. इटलीतील नोव्हारा गावचे वकील जुसेप्पे राविझ्झा यांनी १८५५ साली आपल्या लेखनयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांनी त्याचे जे नाव ठेवले त्याचा अर्थ होतो 'लिहिणारे हार्पसिकॉर्ड'. त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड ह्यूज यांनी अक्षरे छापणारे तारयंत्र सिद्ध केले. हे गृहस्थ केंटकी प्रांतात संगीताचे प्राध्यापक होते. त्यांच्या यंत्राला पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या अठ्ठावीस पट्ट्या होत्या आणि तारमास्तर त्यावर निरोप 'वाजवीत'. पुढे मिलवॉकी शहरातील ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांनी १८६८ मध्ये ज्या टाइपरायटरचे पेटंट घेतले, त्याच्याही पहिल्या नमुन्याला पियानोच्या धर्तीची पट्टी होती. चार ओळींत मांडलेल्या गोल कळा नंतर आल्या. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीचे यंत्र बाजारात आले आणि अक्षरांचा तो विचित्र क्रम जगभर रूढ झाला. आज आपल्या संगणकावर तोच क्रम आहे.

थोडक्यात, लेखनाने संगीताकडून पट्टी उसनी घेतली. घेताना मात्र एक गोष्ट बदलली. टायपिंगच्या वर्गात मास्तर पहिला धडा देत तो सर्व बोटांचा जोर सारखा ठेवण्याचा. करंगळीने मारलेला 'ए' आणि तर्जनीने मारलेला 'एफ' कागदावर सारखाच काळा उमटला पाहिजे. पियानोचा मास्तर नेमके उलटे शिकवतो: बोटे सारखी समर्थ करावयाची ती स्वेच्छेने असमान वाजविता यावे म्हणून.

हे दोन्ही धडे एकाच आठवड्यात गिरविणारी माणसे माझगावात पुष्कळ होती. माथारपाखाडीसारख्या जुन्या गावठाणातील ईस्ट इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कस्टम, रेल्वे, गोदी आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या करीत आली. याच माथारपाखाडीत लोकमान्यांचे सहकारी आणि पुढे १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा राहत. भंडारवाडा टेकडीवरील बागेला आज त्यांचेच नाव आहे. गोव्याहून आलेल्या खलाशांचे आणि वादकांचे 'कूड' डॉकयार्ड रोडच्या परिसरात आणि धोबीतलावाला होते. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत 'मेस्त' मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत; ते ज्ञान घेऊन तरुण मुंबईला उतरत. ईस्ट इंडियन असोत, गोवेकर असोत की मंगळूरकर, इंग्रजी पेढ्यांत टायपिस्ट आणि लघुलेखक म्हणून कॅथलिक तरुण-तरुणींना मागणी असे. सोमवार ते शनिवार रेमिंग्टन, आणि रविवारी सज्जातील पायपेटी. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला, आणि मग काही घरांत रेमिंग्टनच्या जागी गोदरेज आला, एवढाच काय तो फरक.

येथे आम्हाला वाटेत थांबून लालबाग-परळकडे वळणे भाग आहे, कारण टाइपरायटरच्या कळांवर गाणे वाजविण्याचा प्रयोग मुंबईत संगणकाच्या कितीतरी आधी झाला होता आणि तो रस्त्यावर झाला होता. जपानमध्ये १९१२ साली ताईशो राजवट सुरू झाली. त्याच वर्षी नागोया शहरातील मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून एक सुटसुटीत वाद्य तयार केले. राजवटीच्या नावावरून त्याला 'ताईशोगोतो' म्हणू लागले. डाव्या हाताने कळ दाबावयाची, उजव्या हाताने तार छेडावयाची. हे वाद्य समुद्रमार्गे हिंदुस्थानात आले आणि 'बुलबुल तरंग' झाले. मुंबईच्या गिरणगावात मात्र त्याला कोणी बुलबुल म्हणेना; तेथे ते 'बेंजो' झाले. अमेरिकेतील बँजो या वाद्याशी त्याचा सुतराम संबंध नाही. पुढे त्याला वीज जोडली, कर्णे जोडले, आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, हळदीला बेंजो पार्टी हे मुंबईचे खास वैशिष्ट्य बनले. २०१६ साली रवी जाधव यांनी या वादकांवर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही काढला. कळांवरून सरसर फिरणारी त्या वादकांची बोटे पाहिली की एखादा निष्णात टायपिस्ट आठवतो. पण त्यांच्या दुसऱ्या हातात तार छेडण्याची नखी आहे, हे विसरता कामा नये. सुराचा जोर, धार आणि लाडिकपणा त्या हातातून येतो. कळ सूर निवडते आणि दुसरा हात त्याला जीव देतो.

पेटीचीही गोष्ट तीच. पॅरिसच्या देबें यांनी १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केले ते पायाने हवा भरण्याचे. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते आपल्याकडे आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पाय काढून टाकून भाता मागे नेला, आणि मांडी घालून वाजविण्याची हातपेटी घरोघर पोहोचली. मराठी मनाने ती इतकी आपलीशी केली की गायकाची पट्टी आपण आजही 'काळी दोन' आणि 'पांढरी चार' अशीच सांगतो. संगीत नाटकांच्या काळात ऑर्गनची साथ म्हणजे रंगभूमीचे वैभव होते, आणि गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मानाचे आसन मिळवून दिले. असे असूनही १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. आक्षेप असा की तिचे सूर ठोकळेबाज आहेत, तिला मींड येत नाही, श्रुती साधत नाहीत. १९७१ पासून ती बंदी हळूहळू सैल झाली. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. पण बंदी घालणाऱ्यांनी भात्यावरचा हात जमेस धरला नव्हता, असे आमचे मत आहे. उत्तम पेटीवादक जे बोटांनी साधत नाही ते वाऱ्याने साधतो. त्याचा भाता गायकाच्या श्वासाबरोबर हलतो.

आजींच्या प्रश्नाचे मोल येथे कळते. पेटीला भाता आहे, बेंजोला नखी आहे, व्हायोलिनला गज आहे. मुलीच्या लॅपटॉपपाशी सुराला जीव देणारा दुसरा हात नाही. दोन्ही हात सूर निवडण्यात गुंतलेले.

मधल्या काळात आणखी एक घटना घडली, आणि ती आमच्या समाजाला फार जवळून लागली. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील पुंगी अनेकांना आठवत असेल. ती पुंगी नव्हती. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी 'क्लॅव्हिओलीन' नावाच्या फ्रेंच बनावटीच्या विजेच्या पट्टीवर तो नाद काढला होता. एका पट्टीत दुसऱ्याच वाद्याचा आत्मा उतरविण्याचा हा आपल्याकडील पहिल्या गाजलेल्या प्रयोगांपैकी एक. त्या वेळी त्याने कोणाचे पोट मारले नाही, कारण चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद वाढतच होता. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या मंडळींनी त्या वाद्यवृंदाची रचना बांधली. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनीचा जलसा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यात गुरूचे नाव अमर केले, हे सर्वश्रुत आहे. ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

पुढे सिंथेसायझर आला. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पट्टीवाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली आणि एकावर वाजविलेले दुसऱ्यातून ऐकू आले. या व्यवस्थेला 'मिडी' म्हणतात. ही व्यवस्था आवाज पाठवीत नाही. ती फक्त चिठ्ठी पाठवते: अमुक क्रमांकाचा सूर सुरू करा, इतक्या जोराने, आता थांबवा. जोर सांगावयाचा तो शून्य ते एकशे सत्तावीस या अंकांत. चिठ्ठी वाचणारे यंत्र व्हायोलिनचे असेल तर व्हायोलिन वाजेल, ट्रंपेटचे असेल तर ट्रंपेट. म्हणजे वाद्याचे शरीर आणि वाद्याचे चालन यांची कायमची फारकत झाली. १९९२ च्या 'रोजा'नंतर हिंदी संगीताचा बाज बदलला आणि साठ-सत्तर वादकांचे काम एका खोलीत बसलेला एक माणूस करू लागला. व्हायोलिनच्या पेट्या घेऊन सकाळी ताडदेवच्या ध्वनिमुद्रणाला निघणारी माणसे आमच्या आळीतून दिसेनाशी झाली. कोणी लग्नाच्या बँडात गेले, कोणी शिकवण्या धरल्या, कोणी आखातात गेले. त्याच दशकात टायपिस्टच्या जागाही आटू लागल्या. आठवडाभर एका कळफलकावर आणि रविवारी दुसऱ्यावर जगणाऱ्या माणसांच्या दोन्ही भाकऱ्यांवर एकाच यंत्राने हात ठेवला. म्हणून संगणकातून सूर निघाला की आमच्या पिढीचे मन एकदम मोकळेपणाने आनंदित होत नाही, हे तरुणांनी समजून घ्यावे.

आता त्या मुलीच्या कळांकडे जरा बारकाईने पाहू. संगणकाच्या अक्षरकळांनी सूर टिपण्याची पद्धत १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने अमिगा नावाच्या घरगुती संगणकासाठी केलेल्या आज्ञावलीने लोकप्रिय केली. मांडणी मोठी सुबक आहे. कळफलकाच्या तळच्या ओळीत 'झेड'पासून 'एम'पर्यंत नेमकी सात अक्षरे आहेत. ती सा रे ग म प ध नी. त्यांच्या वरच्या ओळीतील 'एस', 'डी' आणि मग 'जी', 'एच', 'जे' या पाच काळ्या पट्ट्या. पेटीत जेथे दोन पांढऱ्यांच्या मध्ये काळी नसते तेथे अक्षरही मुके ठेवलेले: 'ए' आणि 'एफ' दाबले तर काहीच वाजत नाही. वरच्या सप्तकासाठी 'क्यू'पासून पुढची ओळ आणि अंकांच्या कळा. सात स्वर आणि सात अक्षरे जुळली हा निव्वळ योगायोग. शोल्ससाहेबांच्या मनात सप्तक असण्याचे कारण नाही. याच कळफलकावर आपण इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहितो, तेव्हा गंमत होते. 'एम'च्या कळेवर मराठीत 'स' आहे, पण ती वाजते 'नी'. 'सी'च्या कळेवर 'म' आहे आणि वाजतो 'ग'. सरगम लिहून वाजवू पाहणाऱ्याची त्रेधा उडते.

दोष त्याहून गंभीर आहेत. कळफलकाच्या आत प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. उभ्या-आडव्या तारांची जाळी असते आणि यंत्र एकेक ओळ तपासत जाते. जाळीतील चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले तर चौथा कोपरा न दाबताही दाबल्यासारखा भासतो. हा भास टाळण्यासाठी यंत्र तिसरी कळ सरळ नाकारते. लिहिताना तीन अक्षरे एकदम कोण दाबतो? पण स्वरमेळ म्हणजे तीन सूर एकत्र, आणि नेमक्या अशा ठिकाणी एक सूर गिळला जातो. त्या नाताळात मुलीने 'ग्लोरिया'च्या जागी तीन बोटे टेकली आणि दोनच सूर निघाले. बिचारी गोरीमोरी झाली. शिवाय सूर निघायला किंचित विलंब होतो. पण त्याचा फारसा बाऊ करू नये. मोठ्या महामंदिरात वादकापासून नळ्या दहा मीटर दूर असल्या तर आवाजाला तेवढे अंतर कापायलाच सेकंदाचा सुमारे पस्तिसावा भाग लागतो. ऑर्गनवादक शतकानुशतके तो विलंब पचवीत आले आहेत.

आणि जोर? मिडीला एकशे सत्तावीस पायऱ्या ठाऊक आहेत. अक्षरकळेला एकच ठाऊक आहे. ती दाबलेली तरी असते किंवा नसते. हा सर्वांत मोठा दोष मानला जातो. पण आम्ही वर ऑर्गनचा जो स्वभाव सांगितला तो वाचकांनी आठवावा. पियानोच्या मापाने अक्षरकळ हे पंगू वाद्य आहे. ऑर्गनच्या मापाने ती त्याच कुळातील आहे: दार उघडे किंवा बंद. २००२ मध्ये 'हाउप्टवेर्क' नावाची आज्ञावली निघाली. तिच्यासाठी युरोपातील जुन्या ऑर्गनांची नळी अन् नळी स्वतंत्रपणे, देवळातील घुमाऱ्यासकट ध्वनिमुद्रित करण्यात येऊ लागली. ज्या वाद्याची किंमत एखाद्या इमारतीएवढी, जे हलविता येत नाही, ते माझगावच्या चाळीतील टेबलावर ऐकू येऊ शकते. त्यावर नीट वाजविण्यासाठी शिकावे लागते ते एकच: बोट केव्हा उचलावे. टायपिस्टला ही सवय नसते. कळ मारली की तिचे काम संपते. सुराचे काम कळ दाबल्यावर सुरू होते.

मग देवळात हे चालेल काय? प्रश्न नवा नाही. पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संत सिसिलियेच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला त्यात ऑर्गनला मान दिला आणि पियानोला देवळाबाहेर ठेवले. ३ सप्टेंबर १९५८ च्या रोममधील सूचनापत्रात विजेच्या ऑर्गनला नळ्यांचा ऑर्गन परवडेपर्यंत तात्पुरती मुभा दिली. त्याच पत्रात एक भेद केला आहे, तो आम्हाला आज फार मोलाचा वाटतो. उपासनेत वाद्य वाजावे ते माणसाने स्वतः वाजविलेले. आपोआप वाजणारी यंत्रे आणि ग्रामोफोन नकोत. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेने ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांना, ती उपासनेला साजेशी असतील तर, स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. आपल्या मराठी मिस्सेत पेटी, तबला, टाळ आले ते त्याच दाराने.

या भेदाच्या कसोटीला आमच्या सज्जांतील पुष्कळशी नवी कीबोर्डे उतरणार नाहीत. डाव्या हाताने एक कळ दाबून ठेवावी आणि यंत्राने ढोलकी, गिटार, बास सगळे स्वतःच वाजवावे, असा प्रकार आम्ही कित्येक लग्नांच्या मिस्सांत ऐकला आहे. वाद्य पन्नास हजारांचे, आणि वाजवीत कोणी नसते. उलट तेरा वर्षांची मुलगी अक्षरांच्या कळांवर एकेक सूर शोधून, गिळलेल्या सुराच्या जागी दुसऱ्या सप्तकातील सूर घालून गायन पुरे करते, तेव्हा तेथे कोणीतरी वाजवीत असते. आमचा कौल त्या मुलीच्या बाजूने आहे. देवळात लॅपटॉप न्यावा असे आम्ही म्हणत नाही; देवळात पेटी आहे आणि तिला भाता आहे. परंतु ज्या घरी धोबीतलावच्या दुकानातून वाद्य आणण्याची ऐपत नाही त्या घरच्या मुलांनी संगीत शिकावेच कशाला, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. ज्यांच्या पोटावर यंत्राने पाय दिला त्यांच्या नातवंडांच्या हाती तेच यंत्र फुकटची शाळा होत असेल, तर ती नाकारण्याइतके आम्ही श्रीमंत नाही.

त्या संध्याकाळी जेवणे झाल्यावर मुलीने आजींच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "आता तू वाजव." आजींची नजर अधू झालेली, परंतु कळफलक पाहण्याची त्यांना गरज नव्हती. दहाही बोटे आपापल्या घरात जाऊन बसली, पाठ ताठ झाली. क्षणभर काहीच झाले नाही. मग बोटे आपोआप चालू लागली आणि खोलीत चमत्कारिक सूर उमटले: खालचा कोमल गंधार, वरचा शुद्ध गंधार, एक रिकामी जागा, वरचा मध्यम, थोडे थांबून खालचा कोमल ऋषभ, अतितार षड्ज आणि पुन्हा तोच वरचा मध्यम. हा कोणता राग, असे मुलीच्या वडिलांनी हसत विचारले. मुलीने कळा मोजून पाहिल्या. आजींनी 'डिअर सर' असे टाइप केले होते.